बिनबाह्यांचा ब्लाउज आणि पिचकारीवाला

पोलीस ठाण्याच्या टेबलावर बायकांचे ब्लाउज ओळीनं मांडलेत आणि शहरातली प्रतिष्ठित मंडळी त्याभोवती उभी राहून चर्चा करतायत, हे चित्र नोकरी सुटून एवढी वर्षं झाली तरी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. आता सांगतोच सगळं. नावं मात्र कुणाचीच घेणार नाही, कारण त्यातली बरीच माणसं अजून नागपुरातच आहेत आणि बाजारात भेटली की नमस्कार करतात.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नवाकोरा फौजदार, नागपूरच्या सदर भागात पहिलीच नेमणूक. सकाळी हजेरी घ्यायची, स्टेशन डायरी बघायची, लॉकअपमधल्या लोकांना कोर्टात पाठवायचं आणि मग दिवसभर सायकलचोर, दारूडे आणि नळावरची भांडणं. होळी होऊन थोडेच दिवस झाले होते. ऊन तापायला लागलं होतं, ठाण्यातला पंखा फक्त साहेबांच्या डोक्यावर फिरायचा.

अशात एका संध्याकाळी एक मुलगी आली. सदरमधल्या एका खाजगी ऑफिसात टायपिस्ट. मूळची काटोलकडची, वडिलांची संत्र्याची बाग. इथं प्रताप नगरला मामाकडे राहून नोकरी करत होती. तिच्या पाठीवर गडद तांबडा रंग उडालेला, ब्लाउज भिजलेला, ब्लाउजला बाह्या नव्हत्या म्हणून खांदाही रंगलेला. गर्दीतून मागून कुणीतरी पिचकारी मारली आणि पळाला.

आमचे हवालदार जुने माणूस, तोंडात कायम पान. ते म्हणाले, "साहेब, होळी संपली, पण कोणाच्या तरी अंगात बाकी राहिली दिसते."

मी पण हसलो. मुलगी हसली नाही. म्हणाली, "हवालदार काका, तुमच्या पोरीवर मारली असती तं असेच हसले असते का?"

हवालदारांनी पान थुंकलं आणि गुपचूप तक्रार लिहून घेतली. दुसऱ्या दिवशी तिनं तो ब्लाउज कागदात गुंडाळून आणून दिला. घासघास घासला पण डाग काही निघाला नाही, असं म्हणाली. खांद्यावरचाही जात नव्हता, मामी तेल लावून चोळत होती.

मग दुसरी आली. मग एक कॉलेजात शिकवणाऱ्या बाई. मग एक नर्स. सगळ्यांना त्याच रस्त्यावर, संध्याकाळीच, मागून. सगळ्यांचे ब्लाउज बिनबाह्यांचे, सगळ्यांवर तोच तांबडा डाग, न निघणारा. पेपरात छोटी बातमी आली आणि झालं! गावभर एकच बोलणं सुरू, की कोणीतरी या बिनबाह्यांच्या पोरींना धडा शिकवून राहिला. पानठेल्यावर तर लोक त्याचं कौतुक करायला लागले. आम्ही ज्याला शोधतोय तो लोकांना आवडायला लागला की पोलिसाचं काम दुप्पट अवघड होतं, हे मला तिथं पहिल्यांदा कळलं. कुणी काही बघितलेलंच नसतं.

हवालदारांनी कॉलेजची काही पोरं उचलून आणली. त्यातल्या एकाच्या शर्टावर तांबडे ठिपके होते. निघाला खर्रा, तंबाखू-सुपारीचा. पोरगा रडकुंडीला आला, "साहेब, माह्या बापाले नका सांगू, मी खर्रा खातो थे त्याले माहीत नाही." सोडून दिला.

खरी टीप दिली ती सायकल स्टँडवाल्यानं. तो आमचा खबऱ्या. म्हणाला, "पोट्टा नाही साहेब, पोट्ट्याच्या मांगं लागू नका. चांगला वयाचा माणूस आहे. धोतर, टोपी, अन् बगलेत गाठोडं. गाठोड्यातूनच काहाडते अन् गाठोड्यातच टाकते."

वयाचा माणूस, धोतर, टोपी. मग तर आम्हाला पटलंच, की हा कुणीतरी जुन्या वळणाचा, मुलींचे उघडे दंड बघून डोकं फिरलेला असणार.

आणि नेमकी त्याच आठवड्यात ती मंडळी ठाण्यात आली. पुढे एक रिटायर हेडमास्तर, बरोबर एक वकील, एक किराणावाले शेठ आणि मागे आणखी काही जण. पिचकारीवाल्याबद्दल त्यांना काही म्हणायचं नव्हतं. म्हणणं असं, की मूळ कारण बंद करा. रस्त्यावर अंग दिसेल असे कपडे घालणाऱ्या बायकांवर केस करा, तसा जाहीर हुकूम काढा. वकीलसाहेब म्हणाले, "मुंबई पोलीस अधिनियम, कलम एकशे दहा. सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन. सुरुवात त्या टायपिस्ट बाईपासून करा, तिनं स्वतःच पुरावा आणून दिलाय."

त्याच वेळी टेबलावर ते सगळे ब्लाउज मांडलेले होते, मी मुद्देमालाच्या चिठ्ठ्या लावत होतो. सगळे बघत होते आणि बघत नाही असं दाखवत होते.

आमचे इन्स्पेक्टर साहेब फार शांत माणूस. आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. त्यांनी आधी सगळ्यांना चहा सांगितला. मग म्हणाले, "कलम आहे, बरोबर. पण त्यात वर्तन लिहिलंय, कपडा नाही लिहिला. हुकूम काढायचा तर मला माझ्या शिपायाला सांगावं लागेल, कुणाला धरायचं आणि कुणाला सोडायचं. तुम्ही सांगा, मी लिहितो. बाही कुठपर्यंत पाहिजे?"

हेडमास्तर म्हणाले, "कोपरापर्यंत."

शेठ म्हणाले, "कोपर? मास्तर, एप्रिलमध्ये? माह्या घरच्या बाया अर्ध्या दंडावर घालतात."

"अर्ध्या दंडाला माझी हरकत नाही," हेडमास्तर म्हणाले.

"मग कोपर कशाला म्हणालात?"

साहेबांनी विचारलं, "आणि पोट?"

वकील म्हणाले, "पोट अजिबात नको."

त्यावर मागचे एक म्हातारे गृहस्थ, इतका वेळ गप्प होते, ते बोलले. "वकीलसाहेब, माह्यी माय नऊवारी नेसत होती. वावरात निंदायले जाय तं गुडघ्यापर्यंत खोचून. अन् झंपर म्हणान तं तिनं जलमात घातला नाही, पदरच घेई. तिले धरान का तुम्ही?"

"त्यांची गोष्ट वेगळी हो!"

"काहून वेगळी? सांगा न."

आता त्यांच्यातच जुंपली. शेठ म्हणायला लागले की बंगाली बायकांचं वेगळं, हेडमास्तर म्हणाले वयावर ठेवा, वकील म्हणाले वयावर ठेवलं तर कोर्टात टिकणार नाही. साहेब हातात पेन घेऊन बसलेले. कागद कोरा. चहा संपला, मंडळी उठली. पण जाताना हेडमास्तर म्हणालेच, "तुम्ही थट्टा करताय. आम्ही वर जाऊ. त्या मुलीवर केस झाली पाहिजे."

ते वर जाणार म्हणजे जाणारच होते, ओळखी होत्या त्यांच्या. साहेबांनी मला आत बोलावलं. "वरून फोन आला तर मला त्या मुलीचं नाव आरोपी म्हणून कागदावर घ्यावं लागेल. त्याच्या आधी तो माणूस शोध." एवढंच.

तिकडे त्या मुलीचं वेगळंच चालू होतं. काटोलहून तिचे वडील बसनं आले होते, तिला न्यायला. ठाण्याच्या व्हरांड्यातच बापलेकीचं बोलणं झालं, माझ्या खिडकीतून सगळं ऐकू येत होतं.

"मामाच्या घरून पेटी घेऊ अन् संध्याकाळच्या गाडीनं चाल. नोकरी बस झाली."

"बाबा, पुढच्या महिन्यात मले पक्कं करून राहिले. आता सोडली तं पुन्हा भेटणार नाही."

"गावात लोक काय म्हणून राहिले माहीत आहे तुले? म्हणते, पोरीनंच बोलावलं. बाह्या असत्या तं कोणं मारलं असतं वं?"

ती म्हणाली, "मले या माणसाले पाहू द्या बाबा. पकडू द्या. मंग तुम्ही म्हणान ते."

वडील म्हणाले, "परवा सकाळी मी जाईन. तू संगं येशील." आणि जोडा घालून निघून गेले.

ती जबाब पूर्ण करायला आत आली. मी तिचा ब्लाउज पुढे घेतला आणि का कोण जाणे, नाकाशी धरला. हवालदारांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की विचारू नका! पण मला तो वास ओळखीचा होता. मी उमरेडचा, विणकराच्या घरातला. आमच्या अंगणात सूत रंगवायच्या कुंड्या होत्या, लहानपणी माझे हात कायम रंगलेले असायचे. हा होळीचा रंग नव्हता. हा कुंडीतला पक्का रंग होता, लुगड्याच्या काठाचं सूत रंगवायचा. आणि बगलेत गाठोडं! आठवड्याच्या बाजाराला आमचे वडील विणलेली लुगडी अशीच बगलेत मारून व्यापाऱ्याकडे न्यायचे.

म्हणजे विणकर. ठीक. पण विणकराला सदरमधल्या मुलींच्या बाह्यांशी काय घेणं?

मी सहज विचारलं, "साडीचं काय झालं? साडी पण रंगली असेल ना? ती का नाही आणली?"

ती म्हणाली, "साडी? साडीचा डाग तं निघाला ना. साबणानं धुतली, लगेच गेला. हीच तं साडी आहे ती."

मी बघतच राहिलो. फिकट निळी, फुलाफुलांची, चकचकीत. नायलॉनची.

"म्हणजे रंग साडीवर जास्त होता की ब्लाउजवर?"

"साडीवरच. पुरा पदर भिजला होता. ब्लाउजवर झिरपला."

त्या दिवशी मी सगळ्यांकडे शिपाई पाठवले. एकच प्रश्न, साडी कसली होती आणि डाग गेला का? कॉलेजच्या बाई, नायलॉन, गेला. नर्स, नायलॉन, गेला. सुती ब्लाउजवर आणि अंगावर तेवढा राहिला, म्हणून आम्हाला तोच दिसला. आम्ही डागाकडे बघून ठरवलं की नेम बाह्यांवर होता!

आणि मग हवालदार डोकं खाजवत म्हणाले, "साहेब, एक म्हातारी पण आली होती. मी म्हटलं चुकून उडाला असेल आजी, जा घरी."

गेलो तिच्याकडे. जवळच राहायची. अंगभर लुगड्यासारखा पदर, डोक्यावरून घेतलेला, मनगटापर्यंत बाह्या. मला म्हणाली, "मले काहून मारलं गा त्यानं? मी तं पुरी झाकली होती. पोरानं मुंबईहून पातळ आणलं म्हणून नेसली."

पातळ कसलं? नायलॉनचं. तिची केस आमच्या ठरवलेल्या गोष्टीत बसत नव्हती, म्हणून ती नोंदलीच गेली नव्हती.

आता सगळ्या जागा नकाशावर लावल्या तर त्या एका नवीन दुकानाच्या आसपास येत होत्या. काचेत बाहुलीला नायलॉनची साडी नेसवलेली, सदरमधलं पहिलंच असं दुकान, संध्याकाळी बघायला गर्दी. दुसऱ्या दिवशी विणकरांचा बाजार होता, म्हणजे तो गाठोडं घेऊन शहरात येणार. मी साहेबांना सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अंदाज आहे. सिद्ध कर."

कसं करायचं ते त्या मुलीनंच सुचवलं. तिची ऑफिसातली मैत्रीण बिनबाह्यांचा ब्लाउज घालून पुढे चालेल, पण साडी सुती, हातमागाची. आणि ही स्वतः मागून, नायलॉनची साडी, पण ब्लाउज मनगटापर्यंत बाह्यांचा. "माह्या मामीचा आहे," म्हणाली, "ढगळ होते, पण चालते." मी म्हटलं, रंग उडेल पुन्हा. ती म्हणाली, "उडू द्या. बाबांना समोरच्या हॉटेलात बसवा फक्त."

बसवलं. वडील चहा पुढ्यात घेऊन बसले, माझ्याशी बोलायला तयार नव्हते. हवालदार साध्या कपड्यात पानठेल्यावर, मी दुकानाच्या पायरीवर, सायकल स्टँडवाला आपल्या जागेवर. ऊन उतरलं, गर्दी झाली, आणि तो आला. धोतर, टोपी, बगलेत गाठोडं. बाहुलीसमोर जरा थांबला. हवालदार पुढे सरकले, मी मान हलवून त्यांना थांबवलं.

मैत्रीण त्याच्या अगदी जवळून गेली. उघडे दंड, सगळं. त्यानं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. उलट बाजूला सरकून म्हणाला, "जा बाई, जा."

मग ही आली, मनगटापर्यंत झाकलेली. गाठोड्यातून पितळेची पिचकारी निघाली आणि फस्सकन पूर्ण पदर लाल!

हवालदारांनी त्याला जागच्या जागी धरलं. तो पळालाही नाही. मी समोर हॉटेलकडे बघितलं. वडील उभे राहिले होते. चहा तसाच.

ठाण्यात आणून पंच बोलावले, पंचनामा केला. पिचकारी, रंगाची शिशी, गाठोड्यात दोन नऊवारी लुगडी, न विकली गेलेली. माणूस पन्नाशीचा, नखांत रंग मुरलेला. मारहाण, आरडाओरडा काही लागलंच नाही. मी फक्त विचारलं, "बायकांच्या अंगावर रंग काहून टाकता?"

तो चिडला. "बाईच्या अंगावर? साहेब, मले पण पोरी आहेत. म्या साडीवर टाकला. त्या नायलॉनच्या पन्नीवर."

"लोक म्हणतात तुम्ही बिनबाह्यांच्या मुली शोधून मारता."

"बाह्या?" त्याला खरंच कळेना. "बाह्यांशी मले काय करायचं? कमी शिवा, नाही तं शिवूच नका. पण लुगडं तं नेसा! माह्या घरात दोन माग उभे होते, दोन्ही बंद आहेत. व्यापारी म्हणते, नायलॉन आलं, तुह्यं कोण घेते. म्हटलं, एकदा डाग पडला की फेकतील. चार जणींनी फेकली तं बाकीच्या भीतीनं घेणार नाहीत."

मी त्याला सांगितलं की साडीवरचा डाग धुतल्यावर जातो. त्याला पटेना. "माह्या हातचा रंग? थे लुगडं फाटते, पण रंग नाही जात साहेब."

शेवटी पंचांसमोरच बादली मागवली. दुकानदारानं नायलॉनचा एक तुकडा दिला, एक सुती चिंधी घेतली. दोन्हीवर त्याच शिशीतला रंग टाकला, हवालदारांनी साबण लावून दोन्ही धुतले. नायलॉन स्वच्छ. चिंधी लालच्या लाल. थंड रंग नायलॉनला धरत नाही, हे त्याला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. त्यानं जन्मभर सूतच रंगवलं होतं.

त्यानं तो तुकडा चिमटीत धरून उजेडात बघितला. मग हळूच म्हणाला, "मंग खराब काय झालं?"

"ब्लाउज."

"सुती होते?"

"सुतीच."

तो भिंतीला टेकून खाली बसला. "म्या सुतीच नासवलं," एवढंच म्हणाला. त्यानंतर कबुलीजबाबात काही अडलं नाही. नुकसान आणि बळाचा वापर अशी कलमं लागली, कोर्टानं दंड करून समज देऊन सोडलं. त्यानं त्या सगळ्या बायकांची माफी कोर्टातच मागितली, म्हातारीचीसुद्धा. म्हातारी म्हणाली, "तोंडानं सांगाचं होतं न बाप्पा, मी लुगडंच नेसली असती."

हेडमास्तर पुन्हा आले होते. सगळं ऐकून घेतलं. प्रामाणिक माणूस, म्हणाले, "ही केस वेगळी निघाली हे मान्य. पण कायदा पाहिजे हे माझं मत कायम आहे." साहेब म्हणाले, "असू द्या. मत असायला कलम लागत नाही." फोन काही आला नाही, त्या मुलीचं नाव कागदावर फिर्यादी म्हणूनच राहिलं.

सकाळी वडील काटोलची गाडी धरायला निघाले, वाटेत जबाबावर सही करायला थांबले. मुलगी बरोबर होती. पेटी नव्हती. सही केली, टोपी नीट केली, आणि माझ्यासमोरच तिला विचारलं, "त्या झंपराचा डाग नाहीच निघत का?"

"नाही बाबा."

"मंग नवा शिव."

ती जपून म्हणाली, "कसा शिवू?"

वडील बाहेरच्या उन्हाकडे बघत होते. "गरमी होऊन राहिली. तुले बरं वाटते तसा."

पुढे बढत्या झाल्या, बदल्या झाल्या, पण कपड्यांवर कायदा करा अशी मागणी घेऊन माणसं येतच राहिली, वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या कपड्यांबद्दल. मी सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांच्या काळजीला मी हसत नाही, माझ्याही घरात लेकीसुना आहेत. पण मला एक पक्कं कळलंय. त्या मंडळींना हवा होता तो हुकूम तेव्हा निघाला असता, तर मी टेप घेऊन रस्त्यावर उभा राहून बाह्या मोजत बसलो असतो. ती मुलगी आरोपी झाली असती आणि काटोलला परत गेली असती. आणि तो माणूस, गाठोडं बगलेत मारून, दर बाजाराला माझ्या मागूनच निघून गेला असता.